कुशाबाचे दोन्ही हात

कुशाबा सहावीत नापास झाला, आणि पुढे अठरा वर्षं त्याने बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची पोरं पास केली. हे कसं, ते सांगायचं तर आधी त्याच्या टोपीपासून सुरुवात करावी लागेल.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेवर एक बाजाराचं गाव आहे. तिथे अठ्ठ्याहत्तर साली कॉलेज निघालं. कुशाबाची वाडी तिथून सायकलवर वीस मिनिटं. तो आधी पहारेकरी म्हणून लागला, पण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्लाच्या बाटल्या उचलायला दुसरं कोणी धजेना, म्हणून महिनाभरात त्याला आत घेतलं. बाटल्यांवरचं इंग्रजी त्याला वाचता येत नसे. तरी धनगर आपली मेंढरं ओळखतो तसा तो बाटल्या नुसत्या तोंडवळ्यावरून ओळखी. कशात काय घातलं की काय होतं, तेही ऐकून-बघून त्याला तोंडपाठ झालं होतं. प्राध्यापक रजेवर असले की पोरं कुशाबामामाला विचारत, आणि मामा बरोबर सांगे.

पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येकाला काचेच्या नळीत चिमूटभर क्षार मिळायचा. नळीवर नुसता नंबर. निरनिराळी द्रावणं घालून, तापवून, रंग बघून तो क्षार कुठला, हे तीन तासांत ओळखायचं. नळ्या भरायचं काम कुशाबाचं. म्हणजे कुठल्या नंबरात काय आहे, हे प्राध्यापकांच्या यादीत असायचं आणि कुशाबाच्या डोक्यात.

आणि डोक्यातून ते हातात यायचं. टोपीला हात लावला की मॅग्नेशियम. मिशीवरून बोट फिरवलं की झिंक, म्हणजे जस्त. कानाची पाळी ओढली की कॅल्शियम, डोळा चोळला की शिसं, सदऱ्याची वरची गुंडी चाचपली की अमोनियम. तांब्याच्या क्षाराला खूण नव्हती, तो निळा असतो आणि कुणालाही ओळखता येतो. पोरगं घामाघूम होऊन मामाकडे बघे, मामा शांतपणे मिशीवरून बोट फिरवी, आणि पोराच्या तोंडावर रक्त परत येई. या खुणा थोरल्या भावाकडून धाकट्याकडे जात. अळीमिळी गुपचिळी. कॉलेजचा रसायनशास्त्राचा निकाल जिल्ह्यात नाव काढण्यासारखा होता.

यात कुशाबाचा स्वार्थ काडीचा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्याने कुणाकडून कधी चहासुद्धा घेतला नाही. त्याचा फक्त जीव तुटायचा. डिंभ्याकडची पोरं पहाटे घराबाहेर पडायची. एसटी आली तर आली, नाहीतर मासळीच्या टेम्पोत बसून यायची. उपाशी पोटी परीक्षेला उभी राहायची. हात लटपटायचे, नळी फुटायची, आणि नळी फुटली की परीक्षक सगळ्यांदेखत खेकसायचे. अशा वेळी माणसाने काय नुसतं उभं राहायचं? कुशाबाला वाटे, देवाने आपल्याला दोन हात दिलेत ते कशासाठी.

शहाण्णव साली राखी मॅडम आल्या. गावातल्याच, सोहनलालशेठच्या कापडदुकानातली थोरली मुलगी. पुण्याला एम.एस्सी. करून परत आलेली, अंगाने किडकिडीत, आवाज हळू. दोन महिने त्यांनी नुसतं पाहिलं. त्यांच्या ध्यानात आलं, की इथली मुलं आधी मामाच्या हातांकडे बघतात, मग उत्तर बरोबर सांगतात, आणि 'कशावरून' विचारलं की जमिनीकडे बघतात.

सत्त्याण्णवच्या मार्चमधली परीक्षा. घंटा झाली आणि राखी मॅडमनी कुशाबाला हाक मारली. "मामा, हा ट्रे जरा धरा. जादा नळ्या आहेत. खाली ठेवू नका, फुटतील."

पत्र्याचा लांबलचक ट्रे, त्यात चाळीस नळ्या. दोन्ही हातांनी धरल्याशिवाय धरताच येईना. कुशाबाला वाटलं, पाच मिनिटांचं काम असेल. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. पोरं मामाकडे बघत होती आणि मामा ट्रे घेऊन टेबलांच्या मधोमध उभा होता. एका पोराने तर डोळ्यांनी अशी विनवणी केली, की कुशाबाने नाक हलवून पाहिलं, पण नाकाची खूणच ठरलेली नव्हती. तीन तास तो ट्रे त्याने धरला. बावीस मुलांपैकी नऊ पास झाली.

झाकली मूठ सव्वा लाखाची असते. ती उघडली ती अशी, कुणी एक शब्द न बोलता.

परीक्षक गेल्यावर कुशाबा कपाटापाशी उभा राहिला. नोकरी गेली, असं त्याने मनाशी धरलंच होतं. खांदे भरून आले होते. मॅडमनी त्याला स्टूल दिलं.

"मामा, ती तेरा मुलं कुणी नापास केली? मी की तुम्ही?"

कुशाबा म्हणाला, "पोरं लई लांबनं येत्यात मॅडम. भ्यात्यात. मला बघवत न्हाई."

"मलाही बघवत नाही. पण आज तुम्ही मिशी दाखवाल. उद्या औषधाच्या कारखान्यात कोण दाखवणार आहे? त्यांना भीती वाटते, तर भीती घालवू या. उत्तर कशाला द्यायचं?"

कुशाबाला यातलं निम्मं कळलं. उरलेलं निम्मं कळायला पुढची तीन वर्षं लागली.

मॅडमनी प्राचार्यांकडे तक्रार केली नाही. त्यांनी शनिवार सुरू केला. दर शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत खरीखुरी परीक्षा, तीच घंटा, तेच नंबर, तेच टेबल. फरक एवढाच, की इथे चुकलं तर कुणी रागावत नसे. क्षार सांडला तर दुसरा मिळे. ओळखता आला नाही तर पुढच्या शनिवारी पुन्हा. पण एक अट होती आणि ती दगडावरची रेघ होती. सहा क्षार कुणाच्याही मदतीशिवाय, कारणं लिहून, बरोबर ओळखल्याखेरीज मॅडम वहीवर सही करत नसत, आणि सहीशिवाय परीक्षेला बसता येत नसे. पूर्वी दोन क्षारांवर सही मिळायची. पोरं कुरकुरली. प्राचार्य म्हणाले, बाई, एकीकडे तुम्ही त्यांचे लाड करता आणि दुसरीकडे गळा आवळता, हे काय? राखी मॅडम म्हणाल्या, दोन्ही एकाच वेळी करायचंय सर.

वार्षिक परीक्षेतही त्यांनी दोन गोष्टी बदलून घेतल्या. लांबच्या गावची मुलं दुपारच्या तुकडीत. आणि परीक्षेत नळी फुटली तर नवी मिळेल, गुण कापले जाणार नाहीत. बाकी उत्तर ज्याचं त्याने काढायचं.

शनिवारी कुशाबाचं काम काय, हे मॅडमनी ठरवून दिलं होतं. पोरांनी काहीही विचारलं तरी त्याने उत्तर द्यायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचा. कुशाबाला हे अवघड गेलं. उत्तर ओठांवर यायचं आणि त्याला ते पाण्याबरोबर गिळावं लागायचं. शेवटी त्याने स्वतःपुरता एकच प्रश्न पक्का केला. पांढऱ्या क्षाराच्या पाण्यात कॉस्टिक सोड्याचे थेंब टाकले की बहुतेक वेळा पांढरा साका बसतो. पोरं तिथेच थांबत आणि मॅग्नेशियम म्हणून मोकळी होत. पण आणखी सोडा घातला की जस्ताचा साका विरून पाणी नितळ होतं, आणि मॅग्नेशियमचा हलत नाही. म्हणून कुणीही पांढरा साका घेऊन आलं, की कुशाबा विचारी, "आणखी घालून पाह्यलं का?"

पोरांनी त्याचं नावच पाडलं, 'आणखी-मामा'. डिंभ्याची वृषाली नावाची एक मुलगी पहिल्या चार शनिवारी रडली, पाचव्या शनिवारी तिला बरोबर आलं, आणि मार्चमध्ये ती तुकडीत पहिली आली. निकाल हळूहळू वर चढला. नव्व्याण्णव साली सव्वीसांपैकी चोवीस. आणि हे चोवीस 'कशावरून' विचारलं की मान वर करून सांगत. कुशाबाने तीन वर्षांत टोपीला हात लावला तो फक्त घाम पुसायला, आणि तेवढ्यासाठीही तो बाहेर व्हरांड्यात जाई.

मग त्याची स्वतःची लेक पहिल्या वर्षाला आली.

आरती त्याची एकुलती एक. घराण्यात बारावीच्या पुढे गेलेलं पहिलं माणूस. कुशाबाची बायको सोनीबाई पोरीच्या बाजूची होती, पण तिचा निमगाव साव्याचा भाऊ येऊन बजावून गेला होता, की पोरगी पयल्या वर्षाला अडखळली तर पुढं शिकवायची न्हाई, एक वरीस झालं ते झालं. आरतीच्या या मामाच्या शब्दाला घरात वजन होतं. आरतीला हे ठाऊक होतं. ती बोलायची कमी. शनिवारी बापाकडे साका घेऊन आली की बाप तिलाही विचारी, "आणखी घालून पाह्यलं का?" आणि ती चडफडत परत जाई. सहा क्षारांवर सही मिळवणारी ती वर्गात तिसरी होती.

दोन हजार सालच्या परीक्षेआधी राखी मॅडम म्हणाल्या, "मामा, त्या दिवशी तुम्ही रजा घ्या. मुलगी परीक्षेला आणि बाप नळ्या भरणार, बरं दिसत नाही."

"ग्यासचं कोण बघणार मॅडम? नवा शिपाई बर्नर पेटवताना पळून जातो." हे खरंच होतं. "आन तीन वर्सं झाली. आजून भरवसा न्हाई व्हय माझा?"

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि भरवसा ठेवला.

परीक्षेला आठ दिवस असताना मॅग्नेशियम सल्फेटची बाटली रिकामी निघाली. पुण्याहून माल यायचा होता तो आला नाही. या भागात मात्र मॅग्नेशियम सल्फेट ही काही प्रयोगशाळेचीच वस्तू नव्हे. द्राक्षांना आणि टोमॅटोला ते पोत्यांनी लागतं, आणि शेजारच्याच पोत्यात झिंक सल्फेट असतं. मॅडम म्हणाल्या, माझ्या चुलतभावाच्या, पारसच्या खताच्या दुकानातून अर्धा किलो आणा, आपण ते विरघळवून, गाळून, पुन्हा खडे पाडून स्वच्छ करू.

कुशाबा बाजारात गेला. त्याच्या स्वतःच्या वीस गुंठ्यांतले टोमॅटो पिवळे पडले होते, त्यांना झिंक फवारायचं होतं. म्हणून त्याने पारसकडून दोन पुड्या बांधून घेतल्या, कॉलेजसाठी मॅग्नेशियम आणि घरासाठी झिंक. दोन्ही पांढरे खडे, दोन्ही वर्तमानपत्रात, दोन्हीला सुतळी. पारस पेन्सिल काढून पुडीवर नाव लिहायला लागला.

"ऱ्हाऊ द्या शेठ," कुशाबा म्हणाला. "बावीस वर्सं ह्यातच गेली माझी. मला नका शिकवू."

पारसने पेन्सिल कानावर ठेवली.

परीक्षेच्या दिवशी आरतीला सात नंबरची नळी मिळाली. निमगाव साव्याहूनच येणाऱ्या गोरखला बारा नंबर. दोन्ही नळ्या कुशाबाने मॅग्नेशियमच्या बाटलीतून भरलेल्या. बाहेरचे परीक्षक नगरकडचे होते, करडे पण सरळ. त्यांना आरती कुणाची मुलगी, हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं.

पहिल्या अर्ध्या तासात आरतीच्या हातून नळी निसटली. काच फुटली, क्षार फरशीवर गेला. कुणी खेकसलं नाही. मॅडमनी नियमाप्रमाणे सात नंबरचाच दुसरा नमुना दिला आणि म्हणाल्या, "पाणी पी, मग सुरू कर." आरती पाणी प्यायली. पण त्यानंतर तिचं लक्ष लागेना. ती हे घालून बघे, ते घालून बघे, आणि लिहीत काहीच नसे. दोन तास गेले. सव्वादोन तास झाले. शेवटी तिने कॉस्टिक सोड्याचे थेंब टाकले, पांढरा साका बसला, आणि ती नळी उजेडाकडे धरून नुसती बघत राहिली.

कुशाबा बर्नरपाशी उभा होता. त्याला सहावीतला कुशाबा आठवला, गणिताच्या पेपरावर डोळ्यांतलं पाणी टप्‌टप् सांडणारा. त्याला निमगावचा मेहुणा आठवला. त्याच वेळी आरतीने मान वर केली आणि सहज बापाकडे पाहिलं.

कुशाबाचा उजवा हात टोपीला लागला.

मुद्दाम लागला. पुढे त्याने याबद्दल कधीही 'चुकून' हा शब्द वापरला नाही. टोपी त्याने पुढे ओढली, मागे सारली, आणि हात खाली घेतला. आरतीने ते पाहिलं. तिची मान खाली गेली. कुशाबाला वाटलं, चला, निभावलं. आणि दुसऱ्याच क्षणी त्याला दिसलं, की आरतीच्या मागच्या टेबलावरून गोरखही टोपीकडेच बघत होता. गोरखचा थोरला भाऊ चौऱ्याण्णवच्या तुकडीतला.

परीक्षा संपली. नळापाशी कुशाबाने लेकीला गाठलं.

"काय लिव्हलं?"

"झिंक सल्फेट."

"अगं, तू पाह्यलं न्हाईस का?"

"पाह्यलं," आरती म्हणाली, आणि दप्तर उचलून वाडीच्या रस्त्याला लागली.

आत परीक्षक यादी घेऊन पेपर तपासत होते. कुशाबा पाठमोरा उभा राहून काचसामान धूत होता. मॅडम शेजारी बसल्या होत्या.

"बारा नंबर, मॅग्नेशियम सल्फेट. बरोबर. सात नंबर, झिंक सल्फेट. चूक." लाल पेन्सिलीचा आवाज त्याला ऐकू आला.

"आरती चुकली?" मॅडम म्हणाल्या. "शनिवारी ती या क्षारावर एकदाही चुकली नाही."

"वडिलांसमोर गांगरली असेल."

मॅडमनी पेपर हातात घेतला आणि वाचायला लागल्या. 'थोडा सोडा घातल्यावर पांढरा साका. आणखी घातल्यावर विरला. पुन्हा केलं, विरला. तिसऱ्यांदा केलं, विरला.' कुशाबाचे हात पाण्यात होते तसेच राहिले. तीनदा? पोरगी एकदा चुकेल, तीनदा कशी चुकेल?

त्याने कपाटातून मॅग्नेशियमची बाटली काढली. चिमूटभर खडे पाण्यात टाकले, सोड्याचे थेंब सोडले. पांढरा साका. इथे तो क्षणभर थांबला, कारण पुढे काय होणार याची त्याला एकदम भीती वाटली. मग त्याने आणखी घातलं. साका विरला आणि पाणी नितळ झालं.

घरी फडताळात ठेवलेली दुसरी पुडी त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. निम्मी पुडी फवारून झाली होती आणि टोमॅटोंना काडीचा फरक पडला नव्हता. पारसच्या कानावरची पेन्सिलही त्याला दिसली. बावीस वर्षांचा शहाणा.

"सायेब," तो म्हणाला, "बाटलीत झिंक हाय. माझ्या हातनं पुड्या बदलल्या."

त्याने सगळं सांगितलं. परीक्षकांनी स्वतः उठून दोन नळ्या करून पाहिल्या. मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. "बाटलीतला क्षार मी तपासायला हवा होता," त्या म्हणाल्या. "खडे पाडून झाले आणि मी बाटलीच्या लेबलावर विश्वास ठेवला. ही माझी चूक."

परीक्षक मात्र कुशाबाकडे बघत होते. "नळ्या तुम्ही भरल्या. मुलगी तुमची. सगळ्या यादीला जे माहीत नाही ते एकट्या तुमच्या मुलीला कळलं. आणि पेपर चुकल्यावर तुम्ही सांगता, बाटलीत झिंक आहे. तुम्हाला हे सकाळपासून माहीत होतं, आणि तिलाही, असं मी लिहिलं तर?"

कुशाबाच्या लक्षात आलं, की हा माणूस वाईट नाही. याच्या जागी कुणीही हेच विचारील. आणि हे लिहिलं गेलं तर आरती नापास होणार नाही, चोर ठरेल.

मॅडम बोलायला गेल्या. कुशाबाने हात वर केला.

"तिला मी सांगितलं व्हतं सायेब," तो म्हणाला. "पण मॅग्नेशियम म्हणून. टोपीला हात लावून खूण केली. तिनं बघितली आन ऐकली न्हाई."

त्याने टेबलावरच्या गठ्ठ्याकडे बोट केलं.

"बारा नंबरचा पेपर बघा. त्यानंबी खूण बघितली. त्यानं ऐकली."

परीक्षकांनी गोरखचा पेपर उघडला. 'पांढरा साका. म्हणून मॅग्नेशियम.' पुढचं काहीच केलेलं नव्हतं. शेजारी आरतीचा पेपर, तीन वेळा विरलेला साका. परीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुन्हा लावला. मग आरतीच्या पेपरावरची लाल फुली खोडून त्यांनी शेजारी सही केली.

"आता या बारा नंबरचं काय?" ते म्हणाले. "उत्तर चूक, आणि नक्कलही. शून्य."

"खूण पाहिली हा त्याचा दोष," राखी मॅडम म्हणाल्या. "पण बाटली चुकीची आणि खूण करणारा माणूस आमचा, हे दोन दोष कॉलेजचे आहेत. त्याला नवा क्षार द्या. पूर्ण परीक्षा, कारणांसकट. नाही आलं तर शून्य, मी बोलणार नाही."

परीक्षकांनी घड्याळात पाहिलं. त्यांची गाडी साडेपाचची होती. "आणा त्याला," ते म्हणाले. "शेवटच्या गाडीने जाईन."

कुशाबाने सायकल काढली आणि स्टँडवर गेला. गोरख एसटीच्या खिडकीला हात लावून उभा होता. कुशाबा त्याला म्हणाला, "पोरा, मी तुला बुडवलं. माझ्या टोपीचं ऐकून तू बुडालास. चल, तुला परीक्षा परत करायला दिलीय." गोरख आधी ऐकेना. मग मुकाट्याने सायकलच्या मागे बसला. त्याला कॅल्शियमचा क्षार मिळाला. घाम गाळत, दोनदा चुकून, तिसऱ्यांदा त्याने तो ओळखला आणि कारणं लिहिली. काठावर पास झाला. या सगळ्या वेळात कुशाबा बाहेर व्हरांड्यात स्टुलावर बसून होता. दार त्याने स्वतःच ओढून घेतलं होतं.

कुशाबाला मेमो मिळाला. मॅडमलाही मिळाला. कुशाबाची रवानगी दोन वर्षं वाचनालयात झाली. तिथे तो पुस्तकांवरची धूळ झटकत असे आणि कुणी काही विचारलं तर फारसा बोलत नसे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं प्राचार्य म्हणाले, आणि त्यात काही खोटं नव्हतं. शनिवार मात्र सुरू राहिला. परीक्षेत ज्याची मुलं बसली असतील तो माणूस त्या दिवशी आत नको, हा नियम मॅडमनी लिहून प्राचार्यांच्या सहीने भिंतीवर लावला. लावायला खिळा कुशाबानेच ठोकला.

घरी आरती पंधरा दिवस बापाशी जेवढ्यास तेवढं बोलली. तो मेमो घेऊन आला त्या दिवशीही तिने काही विचारलं नाही. रागावली असेल, असं धरून कुशाबाही गप्प राहिला. एका सकाळी तो टोमॅटोला फवारायला झिंकचं पाणी करत होता, या वेळी नाव लिहिलेल्या पुडीतलं. आरती बादली घेऊन आली आणि उभी राहिली.

"आबा, तुमी टोपीला हात लावला ना, तवा मला रडूच आलं," ती म्हणाली. "माझा साका आन तुमची खूण एकच सांगत व्हती. लिहून मोकळं व्हायचं व्हतं मला. लई वाटलं, लिव्हावं."

"मंग?"

"मंग शनवारी तुमी काय इचारता, ते आठवलं. तवा आणखी घातलं."

कुशाबाने बादलीत हात घातला आणि पाणी ढवळत राहिला. बराच वेळ ढवळलं. विरघळायचं ते कधीच विरघळून गेलं होतं.

दोन वर्षांनी तो प्रयोगशाळेत परत आला आणि दोन हजार आठ साली निवृत्त झाला. मधल्या सहा परीक्षांना घंटा झाली की तो स्वतः कपाटाकडे जाई, तो लांबलचक पत्र्याचा ट्रे काढी, त्यात जादा नळ्या मांडी, आणि दोन्ही हातांनी धरून तीन तास टेबलांच्या मधोमध उभा राही. राखी मॅडम म्हणत, मामा, ठेवा खाली, आता गरज नाही. तो ठेवत नसे.